वाढपीही तुम्ही, जेवणारेही तुम्हीच : आमदारांना एका माजी सरपंचाचं खुलं पत्र

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ आणि विधानपरिषदेच्या ७८ सन्माननीय सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी सांगोला तालुक्यातल्या एका गावची माजी सरपंच. गाव डाळिंबाचं, वस्ती दोन हजारांच्या आतली. २०१७ ते २०२२ अशी पाच वर्षं त्या खुर्चीवर बसले. आता शेत बघते, नातवाला शाळेत सोडते आणि दुपारी पेपर वाचते. पेपर वाचूनच हे पत्र लिहायची बुद्धी झाली.

विषय तुमच्या पगाराचा आणि भत्त्यांचा आहे. घाबरू नका, 'आमदारांचे पगार बंद करा' म्हणणाऱ्यांतली मी नाही. तसले मेसेज आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर महिन्यातून दोनदा येतात आणि मी ते पुढे पाठवत नाही. कारण फुकटात लोकांची सेवा करायला लागली की काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

मी निवडून आले तेव्हा आमच्याएवढ्या गावाच्या सरपंचाला महिना १,००० रुपये मानधन होतं. २०१९ मध्ये त्याचे ३,००० झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ६,०००. ही शेवटची वाढ झाली तोवर मी घरी बसले होते. शब्द बघा हं, आम्हाला 'मानधन' मिळतं आणि तुम्हाला 'वेतन'. मान आमच्या वाट्याला जास्त आला, एवढंच म्हणते.

आठवड्यातून दोनदा पंचायत समितीत जावं लागायचं. मोटारसायकलचं पेट्रोल आमच्या ह्यांच्या खिशातून. सोलापूरला जिल्हा परिषदेत काम निघालं की एसटीचं तिकीट, दुपारी एक मिसळ, आणि साहेब जागेवर नसले की दुसऱ्या दिवशी परत तेच. बाईमाणूस सरपंच झाली की घरातला पुरुषच कारभार बघतो, असं लोक हसत म्हणतात. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण त्याचं एक कारण हेलपाट्यांच्या खर्चात आहे. ज्याच्या खिशातून पेट्रोल जातं तोच पुढच्या खुर्चीत बसतो.

पहिल्याच दिवाळीला एक ठेकेदार मिठाईचा पुडा घेऊन घरी आला. बोलायला फार गोड माणूस. म्हणाला, "वहिनी, एसटीचे धक्के कशाला खाता? सोलापूरला जायचं झालं की फोन करा, गाडी दारात येईल. डिझेलचं आमच्याकडे लागलं." मी गाडी घेतली नाही. पण खोटं कशाला सांगू, मे महिन्याच्या उन्हात स्टँडवर दीड तास उभं राहिल्यावर दोनदा तो नंबर काढून बघितला होता. त्या डिझेलचे पैसे तो कुठून काढणार हे मला माहीत होतं. गल्लीतल्या सिमेंटच्या रस्त्याची जाडी सहा इंचांवरून चारवर येते, ती अशा डिझेलमुळेच.

म्हणून लोकप्रतिनिधीला पैसे मिळाले पाहिजेत, आणि नीट मिळाले पाहिजेत, या मताची मी आहे. सरकार जो खर्च देत नाही तो कोणीतरी देतंच, आणि देणारा पुढे वसूलही करतो. पगार नसेल तर आमदारकी फक्त दोघांनाच परवडेल, ज्याच्या घरी आधीच पैसा आहे त्याला आणि ज्याच्या मागे ठेकेदार उभा आहे त्याला. आताही फार वेगळं नाही म्हणा. पण शेतमजुराच्या पोराने किंवा एखाद्या अंगणवाडीताईने उद्या विधानसभेत जायचं ठरवलं, तर निवडून आल्यावर तिचं घर कसं चालायचं, याचं उत्तर कायद्यात असलं पाहिजे. ते आहे, याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार वाढपाची आहे. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसलं तरी चालतं, असं आपल्याकडे म्हणतात. तुमच्या पंगतीत तर वाढपीही तुम्ही आणि जेवणारेही तुम्हीच. संविधानाच्या १९५ व्या अनुच्छेदाने आमदारांचे पगार-भत्ते ठरवायचा अधिकार विधानमंडळालाच दिला आहे, हे मला ठाऊक आहे. पण अधिकार असणं वेगळं आणि तो कसा वापरला हे वेगळं.

ऑगस्ट २०१६ आठवा. पावसाळी अधिवेशनात तुमचे पगार दुपटीहून जास्त वाढवणारं विधेयक आलं आणि चर्चेविना मंजूर झालं. एरवी दोन बाजूंची बाकं एकमेकांना बोलू देत नाहीत. त्या दिवशी बोलायचंच कोणाला नव्हतं. त्याआधीची दोन वर्षं आमच्या भागात दुष्काळाची गेली होती, गुरं छावणीत होती. वाढ गैर होती असं मी म्हणत नाही, कदाचित रास्तही असेल. पण रास्त होती तर एका तरी सदस्याने उठून ती का हवी ते सांगायचं होतं. ग्रामपंचायतीत घरपट्टी दहा रुपयांनी वाढवायची झाली तरी आम्हाला दोन तास शिव्या खाव्या लागतात.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट झाली, ती फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. तुमचं मूळ वेतन प्रधान सचिवांच्या वेतनाला जोडलं गेलं. राज्यात सातवा वेतन आयोग लागू झाल्यावर ते १,८२,२०० रुपये झालं. वर महागाई भत्ता, दूरध्वनीचे ८,०००, टपाल-स्टेशनरीचे १०,०००, संगणकचालकाचे १०,०००. महागाई भत्ता १७ टक्के होता तेव्हा बेरीज २,४१,१७४ रुपये होत होती. तोच ५० टक्के धरला तर आकडा ३ लाखांच्या पुढे जातो. आणि आता केंद्राने आठव्या वेतन आयोगाची घोषणा केली आहे. तो उद्या राज्यात लागू झाला की सचिवांबरोबर तुमचंही वेतन वाढेल. विधेयक नको, भाषण नको, बातमीसुद्धा नको. अधिकाऱ्याच्या बैलगाडीला तुमची गाडी मागून बांधून ठेवली आहे, बैल चालले की ती आपोआप चालते.

हिशेबाला मी कच्ची नाही. ३६६ जणांना महिना ३ लाख धरले तर वर्षाला सव्वाशे-दीडशे कोटी होतात. राज्याचा अर्थसंकल्प २०२५-२६ मध्ये ७ लाख कोटींचा होता. त्यात ही रक्कम म्हणजे भाकरीवरचा तीळ. तेव्हा 'आमदारांच्या पगाराने तिजोरी रिकामी झाली' हे काही खरं नाही. मला त्रास पैशाचा होत नाही, पावतीचा होतो.

पावतीवरून आठवलं. २०१९ च्या २ ऑक्टोबरची ग्रामसभा. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात सतरंजी अंथरलेली, वर पंखा एकच आणि तोही ग्रामसेवकांच्या डोक्यावर. जमाखर्चाचं वाचन चाललं होतं. तालुक्याहून पाण्याच्या योजनेची पाहणी करायला माणसं आली होती, त्यांच्या चहापाण्याचे ३४० रुपये त्यात होते. पुढच्या रांगेतून निवृत्त गुरुजी उठले. "३४० रुपयांचा चहा किती जणांनी प्यायला?" ग्रामसेवकांनी नमुना नंबर १२ चं प्रमाणक काढलं. चौतीस कप, दहा रुपयांप्रमाणे. गुरुजी म्हणाले, "पाहणीला माणसं आली सहा. बाकीचे अठ्ठावीस कप कोणी प्यायले?" मी सांगितलं, सदस्य होते, शिपाई होता, पाइपलाइनवर खणणारी पोरं होती. "पोरांना चहा दिला ते चांगलं केलंत. पण पावतीवर हॉटेलवाल्याची सही कुठे आहे?" सही नव्हती. पाऊण तास त्या सहीवर गेला. शेवटी एक पोरगं सायकलवर पिटाळून हॉटेलवाल्याला सभेत आणलं आणि सगळ्यांसमोर सही घेतली.

त्या रात्री मला गुरुजींचा इतका राग आला होता की जेवणही गेलं नाही. गाव पाणी-पाणी करतंय आणि ह्या माणसाला कपांचा हिशेब हवा! पण पुढची तीन वर्षं मी सहीशिवाय एक पावती ठेवली नाही. आणि रस्त्याच्या बिलावर सही करायला तोच ठेकेदार मागे लागला, तेव्हा मी त्याला एवढंच म्हणाले, "गुरुजी विचारतील." तेवढ्यावर तो गप्प झाला.

आता तुमचे दूरध्वनीचे ८,००० घ्या. माझ्या फोनला महिनाभर हवं तेवढं बोलणं आणि वर इंटरनेट, हे काही शे रुपयांत मिळतं. मंत्रालयाला दिवसातून पन्नास फोन केले तरी तेवढ्यातच. मग उरलेल्या रकमेचं काय होतं? काही होत असेल, दोन फोन असतील, कार्यालयाचा असेल, कार्यकर्त्याचं रिचार्ज करत असाल. करा की. पण ती ठोक रक्कम आहे, तिला बिल लागत नाही, आणि म्हणून कोणी गुरुजी तुम्हाला विचारू शकत नाहीत. मनोरा आमदार निवास पाडल्यावर मुंबईत खोली नसलेल्या आमदारांना महिना १ लाख रुपये भाड्यापोटी मिळायला लागले. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या आमदाराने मुंबईत राहायचं कुठे, हा खरा प्रश्न आहे. त्याला घर मिळालंच पाहिजे. पण ज्यांचा मुंबईत स्वतःचा फ्लॅट आहे त्यांनी ते भाडं घेतलं की सोडलं, हे मी कुठे वाचू?

मार्च २०२२ मध्ये आमदारांसाठी गोरेगावात ३०० घरं बांधायची घोषणा सभागृहात झाली. लोक एवढे भडकले की घरं फुकट नाहीत, त्याचे पैसे घेणार आहोत, असा खुलासा लगेच करावा लागला. त्यातून तुम्ही काय शिकलात? माझा अंदाज असा की घोषणा करायच्या नाहीत, हे शिकलात.

निवृत्तिवेतनाकडे येते, कारण गावात सर्वांत जास्त जीभ त्याच्यावर चालते. तुमच्या निवृत्तिवेतनाचा कायदा १९७६ चा. २०१६ पासून एक मुदत आमदार राहिलेल्याला महिना ५०,००० रुपये, आणि पाच वर्षांच्या पुढच्या प्रत्येक वर्षाला आणखी २,०००. म्हणजे तीन मुदती केलेल्याला ७०,०००. तोच माणूस पुढे खासदार होऊन गेला असेल तर दिल्लीचं वेगळं, ते मार्च २०२५ मध्ये २५,००० चं ३१,००० झालं.

आमच्या गल्लीत एक काका राहतात, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. ईपीएस ९५ चे, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतन योजनेचे पेन्शनर. त्या योजनेत किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून १,००० रुपये आहे. काकांना त्याहून थोडं जास्त मिळतं, पण महिन्याच्या गोळ्या येत नाहीत. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मी त्यांना तालुक्याला घेऊन जाते. कारखान्यात राबून बोटांच्या रेषा पुसल्या आहेत, यंत्रावर ठसा उमटत नाही. ते बोट पदराला पुसायचं, जरा ओलं करायचं, पुन्हा लावायचं. पाचव्यांदा उमटला की काका म्हणतात, "चला, अजून एक वर्ष जिवंत आहे."

आणि ज्यांना तुम्ही रोज शाळेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात भेटता, त्यांतले १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले, म्हणून जुनं निवृत्तिवेतन लागू नसलेले कर्मचारी मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संपावर गेले. सात दिवस संप चालला. तेव्हा सभागृहात तिजोरीवर किती बोजा पडेल याची मोठमोठी गणितं मांडली गेली. गणितं बरोबर असतील. पण ती ऐकताना पार चहाच्या टपरीवरचा माणूसही एकच विचारत होता, मग ह्यांना कशी?

निवृत्तिवेतन सरसकट बंद करा, असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर चळवळीत राहून उतारवयात औषधाला महाग झालेली माणसंही तुमच्यातच होऊन गेली. त्यांना जरूर द्या. पण ज्याच्या नावावर साखर कारखाना, दोन महाविद्यालयं आणि पेट्रोल पंप आहे, त्याला राज्याने महिना ५०,००० कशासाठी द्यायचे? तुम्ही निवडणुकीचा अर्ज भरताना मालमत्तेचं शपथपत्र देताच, कागद तयारच आहे. पंजाबने २०२२ मध्ये 'एक आमदार, एक पेन्शन' असा कायदा केला. त्याआधी तिथे जितक्या मुदती तितकं निवृत्तिवेतन चढत जायचं. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं. खासदारांच्या निवृत्तिवेतनाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये फेटाळली, तेव्हा कोर्ट तुमच्यासाठी हे काम करणार नाही, तुम्हालाच करावं लागेल.

या विषयावर बोलताना आमच्या तालुक्यात प्रत्येक जण आबासाहेबांचं नाव काढतो. गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले आणि एसटीने फिरत राहिले. एसटीत आमदारांसाठी राखीव जागेवर पाटी असते, त्या पाटीखाली खरंच आमदार बसलेला आमच्या पिढीने पाहिला. पण त्यांच्या नावाने तुम्हाला झोडपायला माझं मन घेत नाही. एक माणूस तसा होता म्हणून सगळ्यांनी तसंच व्हावं, ही अपेक्षा कीर्तनात ठीक आहे. तुम्ही गाडीतून फिरा, एसीतून फिरा, मतदारसंघ मोठे आहेत. मला तुमचा साधेपणा नको, गाडीचं लॉगबुक हवं आहे.

उलट काही ठिकाणी तुम्हाला जास्त मिळायला हवं, असं माझं मत आहे. २०२२ मध्ये तुमच्या स्वीय सहायकाचा पगार २५,००० वरून ३०,००० आणि चालकाचा १५,००० वरून २०,००० झाला. पण एक पीए काय काय करणार? उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेला म्हातारा बघणार, लग्नपत्रिकांची तारीख लिहून ठेवणार, की अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तकं वाचून तुम्हाला प्रश्न काढून देणार? माझ्या मते प्रत्येक मतदारसंघात सरकारी खर्चाने एक कार्यालय असावं, पाटीवर पक्षाचं नाव नसावं. दोन शिकलेली पोरं त्यात असावीत, त्यांचा पगार सरकारने थेट त्यांच्या खात्यात टाकावा, तुमच्या भत्त्यात घालून नव्हे. आणि तुमचा भाचा त्यातला एक नसावा. यावर दुप्पट खर्च झाला तरी मी ग्रामसभेत तुमची बाजू घेईन.

आमदार निधीचे ५ कोटी मी यात धरत नाही. ते तुमच्या खिशात जात नाहीत, हे मी लोकांना दर वेळी समजावते. पण हायमास्ट दिव्याखाली '... यांच्या निधीतून' असा तुमच्या हसऱ्या फोटोसकट फ्लेक्स लागला, की माझं समजावणं वाया जातं.

दोष आमचाही आहे, तो लपवत नाही. गणपतीची वर्गणी तुमच्याकडे, जत्रेतल्या कुस्त्यांची बक्षिसं तुमच्याकडे, पोराच्या लग्नाचा आहेर तुमच्याकडून, दवाखान्याच्या बिलाला तुमचा फोन. तुमच्यातल्याच एका सदस्याने मला सांगितलं होतं, लग्नसराईत दिवसाला पंधरा लग्नं होतात आणि मोकळ्या हाताने एकाही मांडवात जाता येत नाही. हा खर्च भत्त्यात कधीच बसणार नाही आणि बसवूही नये. विधानसभेच्या निवडणुकीत उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे, ती किती पाळली जाते हे तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे. पाकीट घेऊन मत देणाऱ्याने नंतर तुमच्या भत्त्याची पावती मागू नये, हे मी आमच्या गल्लीत तोंडावर बोलले आहे. चार घरचं हळदी-कुंकू त्यामुळे सुटलं.

ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांची खर्चाची बिलं उघड झाली. एकाने तळ्यातल्या बदकांच्या घराचा खर्च मागितला होता, दुसऱ्याने वाड्याभोवतीचा खंदक साफ केल्याचा. काही जण तुरुंगात गेले. मग त्यांनी खासदारांचे पगार आणि खर्च ठरवायचं काम संसदेकडून काढून एका स्वतंत्र संस्थेकडे दिलं. कर्मचाऱ्यांचे पगार ती संस्था परस्पर देते आणि प्रत्येक खासदाराचा खर्च लोकांना घरबसल्या वाचता येतो. तिथे आता सगळं आलबेल आहे असं नाही, कुरबुरी चालूच असतात. पण ताट आणि पळी एकाच हातात राहिली नाही.

तुम्हालाही ते जमेल. १९५ व्या अनुच्छेदात पगार कायद्याने ठरवायचा आहे. त्या कायद्यातच लिहा की निवृत्त न्यायाधीश, महालेखापालांच्या कार्यालयातून निवृत्त झालेला एखादा माणूस आणि एखादी माजी सरपंच (मी नव्हे, मला शेत आहे) अशी समिती दर पाच वर्षांनी आकडा सुचवील, त्यावर सभागृहात चर्चा होईल, आणि झालेली वाढ पुढच्या विधानसभेपासून लागू होईल. ज्याने हात वर केला त्याला परत निवडून आल्याशिवाय ती मिळू नये. प्रधान सचिवांच्या गाडीला बांधलेली दोरी सोडा. भत्ते पावतीवर द्या. आणि या सगळ्याचा दर वर्षाचा जमाखर्च, आमदारागणिक, मराठीत, त्या मतदारसंघातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला पाठवा.

आमच्याकडे तो २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचता येईल. सभामंडपात आता दोन पंखे आहेत. गुरुजी ऐंशीच्या पुढे गेलेत, कानाला यंत्र आहे, पण अजून पुढच्याच रांगेत बसतात. वाचताना आवाज जरा मोठा ठेवावा लागेल.

आपली,
सांगोला तालुक्यातील एक माजी सरपंच